बर्फाच्या छताखालील जीवसृष्टी

या स्मरणिकेसाठी संपादक मंडळाने आमच्याकडे लेख मागितला, तेव्हा तो इतिहासावरच असेल असे सर्वांनी गृहीत धरले होते. ते स्वाभाविकही होते. इतिहास हा आमचा अध्यापनाचा विषय, आणि महाडसारख्या ठिकाणी इतिहासाच्या शिक्षकास विषय शोधत फिरावे लागत नाही. तरीही या वेळी आम्ही ध्रुवीय समुद्रावरील बर्फाखाली राहणाऱ्या जीवांविषयी लिहिण्याचे ठरविले. त्याला कारण आहे. या विषयावरील एका प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे अनेक वर्षांपासून बाकी आहे.

एके वर्षी विज्ञानाचे शिक्षक रजेवर असल्यामुळे इयत्ता आठवीच्या तासाला आम्हांला जावे लागले. भिंतीवर जगाचा नकाशा होता. पोलादपूर तालुक्यातील एका वाडीवरून आलेली विद्यार्थिनी उठली आणि नकाशाच्या तळाशी असलेल्या पांढऱ्या पट्ट्याकडे बोट दाखवून म्हणाली, “सर, या बर्फाच्या खाली काय असते?” आम्ही सांगितले, “कडेच्या बर्फाखाली समुद्र असतो. पण तेथे ऊन पोहोचत नाही आणि थंडी भयंकर. तेथे काही जगत नाही.” ती बसली. तास संपता संपता ती पुन्हा उठली. “मग पेंग्विन काय खातात, सर?”

वर्ग हसला. आम्हांला मात्र हसू आले नाही. प्रश्न सरळ होता आणि त्याने आमचे आधीचे उत्तर खोटे ठरविले होते. “पुढच्या तासाला सांगतो,” असे म्हणून आम्ही वर्गाबाहेर पडलो. पुढच्या तासापर्यंत विज्ञानाचे शिक्षक परत आले. शाळेच्या ग्रंथालयात त्या विषयावर एकही पुस्तक सापडले नाही. दहावीची परीक्षा देऊन ती विद्यार्थिनी शाळेतून गेली आणि उत्तर राहून गेले. पुढे वाचनात जे जे आले ते आम्ही वहीत टिपत गेलो. ते आज येथे मांडत आहोत.

पाणी गोठते कसे

आपल्या भागात निसर्गाने केलेला बर्फ पाहायचा तर पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला जावे लागते. तेथेही कडाक्याच्या थंडीत वेण्णा तलावाच्या परिसरात दवबिंदू गोठतात, एवढेच. त्यामुळे समुद्र गोठतो ही कल्पनाच आपल्या मुलांना अवघड वाटते. ती समजून घेण्यासाठी दोन घरगुती उदाहरणे पुरेशी आहेत.

पहिले उदाहरण कुल्फीवाल्याचे. तो आपल्या पिंपात बर्फाबरोबर खडे मीठ घालतो. मिठामुळे पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो आणि पिंपातील मिश्रण शून्य अंशाच्याही खाली थंड होते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणून ते शून्य अंशावर गोठत नाही, उणे १.८ अंश सेल्सिअसच्या आसपास गोठते. ध्रुवीय समुद्रातील बर्फाखालचे पाणी जवळजवळ याच तापमानाचे असते. वर हवा उणे ३० किंवा ४० अंशांवर गेली तरी खालचे पाणी त्याहून थंड होत नाही, कारण वरचा बर्फ पांघरुणाचे काम करतो. बर्फ पाण्यापेक्षा हलका असल्यामुळे तो तरंगतो. तो जड असता, तर बुडून तळाशी साचत गेला असता आणि समुद्र खालून वर गोठत आला असता.

दुसरे उदाहरण जत्रेत मिळणाऱ्या रंगीत बर्फाच्या कांडीचे. ती चोखली की रंग आणि गोडी तोंडात येते आणि हाती पांढरा, बेचव बर्फ उरतो. पाणी गोठताना आपल्या स्फटिकात परक्या पदार्थाला सहसा जागा देत नाही. साखर आणि रंग स्फटिकांच्या फटीत लोटले जातात. समुद्र गोठताना मिठाचेही असेच होते. ते बर्फाच्या आत बारीक बारीक नळ्यांमध्ये अतिशय खारट द्रवाच्या रूपाने साठते. काही भाग खाली झिरपून समुद्रात मिसळतो. म्हणून समुद्रावरचा बर्फ हा काचेसारखा घट्ट दगड नव्हे. तो असंख्य सूक्ष्म नळ्यांनी सच्छिद्र झालेला असतो. या नळ्यांतच जीवसृष्टीचा पहिला मुक्काम आहे.

उलटे शेत

त्या खारट नळ्यांत आणि बर्फाच्या खालच्या अंगाला सूक्ष्म शैवाल वाढते. त्यात मुख्यतः डायटम नावाच्या एकपेशीय वनस्पती असतात. त्यांना वाळूतील सिलिकापासून बनलेले पारदर्शक कवच असते. बर्फ आणि त्यावरील हिम यांतून गाळून येणारा उजेड अगदी थोडा, पुष्कळदा वरच्या उजेडाच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी असतो. परंतु या वनस्पती मंद उजेडाला सरावलेल्या आहेत. तेवढ्यावर त्या आपले अन्न तयार करतात. वसंत ऋतूत सूर्य परत आला की त्यांची वाढ इतकी होते की बर्फाचे उलटलेले तुकडे खालून तपकिरी दिसतात. नॉर्वेचे फ्रिट्‌यॉफ नान्सेन यांनी १८९३ ते १८९६ या काळात ‘फ्राम’ हे जहाज मुद्दाम बर्फात अडकवून उत्तर ध्रुवीय समुद्रातून वाहत नेले. त्यांनीही बर्फावरील अशा वनस्पतींचे नमुने गोळा केले होते.

आपले शेत जमिनीवर असते आणि पीक वर उगवते. हे शेत छताला आहे आणि पीक खाली लोंबते. उत्तर ध्रुवीय समुद्रात मेलोसिरा नावाच्या डायटमचे धागे बर्फाच्या पोटाखाली कित्येक फूट लोंबत असतात. बर्फ वितळला की हे शैवाल सुटून खाली जाते. २०१२ साली शास्त्रज्ञांना ते चार हजार मीटरपेक्षा अधिक खोल तळावर गठ्ठ्यांनी पडलेले आढळले, आणि तळावरचे समुद्रकाकडीसारखे प्राणी ते खात होते. छतावर पिकलेले धान्य असे तळघरापर्यंत पोहोचते.

हे शेत केवढे आहे? दक्षिणेकडील समुद्रावर सप्टेंबर महिन्यात सरासरी १ कोटी ८५ लाख चौरस किलोमीटरच्या आसपास बर्फ पसरतो. संपूर्ण भारताच्या पाचपटीहून हे क्षेत्र मोठे आहे. फेब्रुवारीत तो आक्रसून सुमारे ३० लाख चौरस किलोमीटरवर येतो. वर्षातून एकदा पसरणे आणि एकदा आक्रसणे, हा त्या समुद्राचा श्वास म्हणावा लागेल.

पेंग्विन काय खातात

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे येऊ.

बर्फाखालचे शैवाल खाणारा सर्वांत महत्त्वाचा प्राणी म्हणजे क्रिल. महाडच्या बाजारात सुका जवळा मिळतो, तो नजरेसमोर आणावा. क्रिल हा जवळ्याचा जवळचा नातलग नव्हे, परंतु दिसण्यात पुष्कळ साम्य आहे. दक्षिण समुद्रातील क्रिल वाढून सहा सेंटिमीटरपर्यंत लांब होतो, पाच-सहा वर्षे जगतो आणि प्रचंड थव्यांनी राहतो. त्याचे एकूण वजन सुमारे ३८ कोटी टन असावे, असा एक अंदाज आहे.

क्रिलची पिल्ले उन्हाळ्याच्या अखेरीस वाढू लागतात आणि लगेच हिवाळा येतो. खुल्या पाण्यात तेव्हा खाण्यासारखे फारसे उरत नाही. प्रौढ क्रिल सहा महिन्यांहूनही अधिक काळ उपाशी राहू शकतो. त्या काळात तो कात टाकून आकाराने चक्क लहान होत जातो. पिल्लांना हे जमत नाही. ती बर्फाच्या खालच्या खाचाखोचांत शिरून तेथील शैवाल खरवडून खातात. ज्या वर्षी बर्फ उशिरा धरतो किंवा लवकर सुटतो, त्या वर्षी पिल्लांचा हिवाळा उपासाचा जातो. त्यांच्या दृष्टीने बर्फ म्हणजे आश्रयही आणि कोठारही.

या क्रिलवर अडेली जातीचे पेंग्विन जगतात. सम्राट पेंग्विन क्रिलबरोबर मासे आणि माकूळही खातात आणि त्यासाठी पाचशे मीटरहून खोल बुडी मारू शकतात. खेकडे खाणारा असे इंग्रजी नाव मिळालेला सील प्रत्यक्षात खेकडे खात नाही. त्याच्या दातांना चाळणीसारख्या खाचा असतात आणि तो त्यांतून क्रिल गाळून खातो. पृथ्वीवरचा सर्वांत मोठा प्राणी असलेला निळा देवमासा याच बोटभर प्राण्यावर पोसला जातो.

तेव्हा उत्तर असे : पेंग्विन जे खातात ते बर्फाखालीच पिकते. बर्फाखाली काही जगत नसते, तर बर्फावरही काही जगले नसते.

विद्यार्थ्यांचा नेहमी गोंधळ होतो म्हणून येथेच सांगतो. पेंग्विन दक्षिणेकडचे आणि पांढरे अस्वल उत्तरेकडचे. त्यांची गाठ कधी पडत नाही. दक्षिण ध्रुवावर समुद्राने वेढलेला खंड आहे, तर उत्तर ध्रुवावर जमिनीने वेढलेला समुद्र आहे. उत्तरेकडे क्रिलचे स्थान पुष्कळ अंशी ध्रुवीय कॉड नावाचा लहान मासा घेतो. त्याला सील खातो आणि सीलला अस्वल खाते.

न गोठणारे रक्त आणि रंग नसलेले रक्त

माशाचे रक्त समुद्राच्या पाण्याइतके खारट नसते. म्हणून उणे १.८ अंशाच्या पाण्यात सामान्य मासा गोठून मरायला हवा. मग तेथील मासे जगतात कसे? १९६० च्या दशकात आर्थर डिव्ह्राइज या अमेरिकन शास्त्रज्ञांनी दक्षिण ध्रुवाजवळील मॅकमर्डो येथे याचा शोध घेतला. त्यांना त्या माशांच्या रक्तात साखर आणि प्रथिने यांच्या संयोगाने बनलेले एक द्रव्य आढळले. माशाच्या अंगात बर्फाचा एखादा सूक्ष्म कण शिरलाच, तर हे द्रव्य त्या कणाला चिकटते आणि त्याला वाढू देत नाही.

दुसरी गोष्ट याहूनही विलक्षण आहे आणि इतिहासाच्या शिक्षकास ती विशेष भावते. दक्षिण समुद्रात देवमाशांची शिकार करणारे नॉर्वेचे कामगार सांगत, की तेथे रक्तच नसलेले मासे असतात. १९२९ साली योहान रूड नावाचा तरुण विद्यार्थी अशाच एका जहाजावर होता. देवमासा सोलणाऱ्या एका कामगाराने त्याला ही गोष्ट सांगितली. पण ती त्या शिकलेल्या तरुणाने मनावर घेतली नाही. रक्ताशिवाय मासा कसा असेल? त्याआधी १९२७ साली निघालेल्या नॉर्वेच्या एका मोहिमेत डिटलेफ रुस्टाड यांच्या हाती असा फिकट मासा लागला होता. हे पुढे रूड यांना समजले तेव्हा त्या कामगाराचे बोलणे त्यांना आठवले. अखेर प्राध्यापक झाल्यावर त्यांनी दक्षिण जॉर्जिया बेटावर जाऊन त्या माशाचे रक्त तपासले आणि १९५४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. कामगार खोटे बोलत नव्हता. माशाला रक्त होते, परंतु त्यात तांबड्या पेशी आणि हीमोग्लोबिन नव्हते. रक्त पाण्यासारखे रंगहीन होते.

हे कसे शक्य होते? थंड पाण्यात प्राणवायू अधिक विरघळतो. या हिममाशांच्या अंगावर खवले नसतात, हृदय मोठे असते आणि रक्ताचे प्रमाणही अधिक असते. त्यामुळे रक्तद्रवात विरघळलेल्या प्राणवायूवर त्यांचे भागते. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत प्रौढपणी हीमोग्लोबिनशिवाय जगणारे हेच एक कुळ आहे.

येथे आमचा हेतू माशाची नवलाई सांगण्यापुरता नाही. रोज हाताने काम करणाऱ्याने डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट, पुस्तक वाचलेल्याने न तपासता बाजूला सारली आणि त्यामुळे एक सत्य पाव शतक लांबले. आमच्या वर्गातही दुसरे काय घडले होते?

याच हिममाशांची एक प्रचंड वसाहत २०२१ च्या फेब्रुवारीत जर्मनीच्या ‘पोलारश्टर्न’ जहाजावरील संशोधकांना वेडेल समुद्रात आढळली. जहाजामागून ओढल्या जाणाऱ्या कॅमेऱ्याला तळावर एकामागून एक गोल घरटी दिसत राहिली. प्रत्येक घरटे सुमारे पाऊण मीटर रुंद, त्यात दीड-दोन हजार अंडी आणि राखणीला बहुतेक ठिकाणी एक प्रौढ मासा. सुमारे २४० चौरस किलोमीटरवर पसरलेल्या त्या वसाहतीत सहा कोटी घरटी असावीत, असा अंदाज त्यांनी मांडला. वर बर्फ होता. त्या दिवसापर्यंत ही वस्ती जगाला ठाऊक नव्हती.

छतातील झरोके

मासे पाण्यातील प्राणवायू घेतात. सीलला मात्र हवेसाठी वर यावेच लागते. वेडेल सील हिवाळ्यातही बर्फाखाली राहतो. त्यासाठी तो आपल्या पुढच्या दातांनी बर्फ खरवडून श्वासाची भोके उघडी ठेवतो. एका दमात तो तासाभराहून अधिक काळ पाण्याखाली राहू शकतो, सहाशे मीटरपर्यंत खाली जातो आणि अंधारातून नेमक्या त्याच भोकाशी परत येतो. बर्फ कातरून कातरून त्याचे दात झिजतात. दात झिजले की भोक उघडे ठेवणे कठीण होते आणि आयुष्य तेथेच आखूड होते. हवेचा एक झरोका राखण्यासाठी तो आपले दात खर्ची घालतो.

उजेड मुळीच पोहोचत नाही तेथे

समुद्र गोठून झालेला बर्फ एक-दोन मीटर जाडीचा असतो. त्याहून वेगळा असतो तो हिमतट. खंडावर साचलेला बर्फ हळूहळू सरकत समुद्रावर येतो आणि शेकडो मीटर जाडीच्या फळीसारखा तरंगतो. त्यातून उजेडाचा एक किरणही खाली जात नाही. तेथे तरी जीव नसतील, असे वाटणे साहजिक आहे.

अशाच समजुतीचा एक जुना इतिहास आहे. १८४० च्या दशकात एडवर्ड फोर्ब्ज या ब्रिटिश निसर्गतज्ज्ञांनी मांडले, की समुद्रात सुमारे साडेपाचशे मीटरखाली जीव नसावेत. हे मत पुष्कळ वर्षे मानले गेले. वास्तविक त्याच्या कितीतरी आधी, १८१८ साली, उत्तरेकडील बॅफिनच्या उपसागरात जॉन रॉस यांनी त्याहून बरेच खोल सोडलेल्या दोरीला अडकून फांद्याफांद्यांचा एक तारामासा वर आला होता. पुरावा होता; त्याकडे कोणी लक्ष दिले नाही.

२०२१ च्या आरंभी प्रसिद्ध झालेली घटना पाहा. दक्षिण ध्रुवाकडील फिल्श्नर-रोन हिमतटावर ब्रिटिश संशोधकांनी सुमारे ९०० मीटर जाडीच्या बर्फातून भोक पाडले. त्यांना तळाचा गाळ हवा होता. पण त्यांचे उपकरण एका मोठ्या दगडावर आदळले. मेहनत वाया गेली, असे प्रथम वाटले. कॅमेऱ्याचे चित्रण पाहिले, तर त्या दगडावर देठ असलेले स्पंज आणि इतर प्राणी चिकटलेले होते. सर्वांत जवळचे खुले पाणी तेथून २६० किलोमीटर दूर होते. दगडाला चिकटलेला प्राणी अन्न शोधायला जाऊ शकत नाही. प्रवाहाबरोबर दुरून वाहत येणाऱ्या कणांवर तो जगत असला पाहिजे.

पुढे जानेवारी २०२५ मध्ये जॉर्ज सहावा या नावाच्या हिमतटापासून सुमारे ५१० चौरस किलोमीटरचा हिमनग तुटून वेगळा झाला. जवळच असलेले एक संशोधन जहाज काही दिवसांत तेथे पोहोचले. जो तळ नुकताच उघडा झाला होता, तेथे मोठमोठे स्पंज, प्रवाळ, हिममासे, समुद्रकोळी आणि अष्टपाद आढळले. स्पंजांचा आकार पाहता ती वस्ती तेथे अनेक दशके, कदाचित त्याहूनही अधिक काळ असावी. ती नव्याने निर्माण झाली नव्हती. वरचे झाकण दूर झाले, एवढेच.

गोव्याची वाट

हे सारे दूरदेशीचे आहे, असे वाचकांना वाटेल. वस्तुतः महाड आणि पोलादपूरवरून जाणारा मुंबई-गोवा महामार्ग कशेडी घाट ओलांडून ज्या गोव्यात जातो, तेथे वास्को येथे राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. भारताची पहिली दक्षिण ध्रुव मोहीमही गोव्याहूनच निघाली. डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ जणांची तुकडी ६ डिसेंबर १९८१ रोजी ‘पोलर सर्कल’ या जहाजातून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी तेथील बर्फावर उतरली.

१९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत दोन स्त्रिया होत्या : भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता आणि सागरशास्त्रज्ञ अदिती पंत. भारतीय मोहिमेतून दक्षिण ध्रुवाच्या खंडावर गेलेल्या त्या पहिल्या स्त्रिया. अदिती पंत यांचा जन्म नागपूरचा आणि पदवीचे शिक्षण पुणे विद्यापीठातील. पुढे हवाई आणि लंडन येथे शिकून त्या गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत आल्या. पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती उजेडापासून अन्न कसे तयार करतात, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. म्हणजे या लेखात ज्याला आम्ही शेत म्हटले, त्याच पिकाचा हिशेब. पाचव्या मोहिमेतही त्या गेल्या होत्या.

त्या या शास्त्राकडे वळल्या त्याचे एक कारण पुस्तक होते. तरुणपणी ॲलिस्टर हार्डी यांचे ‘द ओपन सी’ त्यांच्या हाती पडले. हे हार्डी १९२५ ते १९२७ या काळात ‘डिस्कव्हरी’ जहाजावर प्राणिशास्त्रज्ञ म्हणून दक्षिण समुद्रात देवमासे आणि क्रिल यांच्या अभ्यासासाठी गेले होते. एकाने पाहिले, लिहिले. ते पुस्तक दुसऱ्या देशातील एका मुलीने वाचले आणि ती स्वतः तेथे जाऊन पोहोचली. ग्रंथालयात एक पुस्तक असणे आणि नसणे यात किती अंतर असते, हे आम्हांला त्या दिवशी रिकाम्या कपाटासमोर उभे असताना कळले नव्हते. आता कळते.

भारताचे काम तेथेच थांबले नाही. १९९५-९६ साली ‘सागर संपदा’ हे जहाज क्रिलच्या अभ्यासासाठी दक्षिण समुद्रात गेले. आज ‘मैत्री’ आणि ‘भारती’ ही आपली केंद्रे दक्षिणेत आहेत. उत्तरेत स्वालबार्ड बेटांवर २००८ पासून ‘हिमाद्री’ आहे आणि तेथील खाडीत २०१४ साली आपल्या शास्त्रज्ञांनी पाण्याखाली उपकरणे नांगरून ठेवली आहेत.

छत विरळ होत आहे

उपग्रहांद्वारे नियमित मोजमाप १९७९ च्या आसपास सुरू झाले. तेव्हापासून उत्तर ध्रुवीय समुद्रावरचा उन्हाळी बर्फ कमी होत आला आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये तो सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटरपर्यंत खाली आला. दक्षिणेकडे बरीच वर्षे तशी घट दिसत नव्हती. परंतु फेब्रुवारी २०२३ मध्ये तेथील बर्फ १८ लाख चौरस किलोमीटरच्याही खाली गेला आणि त्याच वर्षीचा हिवाळी विस्तार सुमारे १ कोटी ७० लाख चौरस किलोमीटरवरच थांबला. मोजमाप सुरू झाल्यापासूनचा तो नीचांक होता. त्याआधी २०२२ साली बेलिंग्सहाउझेन समुद्रात बर्फ लवकर फुटल्यामुळे सम्राट पेंग्विनांच्या पाचपैकी चार वसाहतींतील पिल्ले वाचली नाहीत, असे उपग्रहचित्रांवरून दिसते. त्यांच्या अंगावर पाण्यात टिकणारी पिसे यायची होती आणि पायाखालचा बर्फ गेला.

आपला याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. तरंगणारा बर्फ वितळल्याने समुद्राची पातळी फारशी वाढत नाही. पेल्यातील बर्फ वितळून पेला सांडत नाही, तसेच हे. पण हिमतट अशक्त झाले की त्यांच्यामागे खंडावर अडलेला बर्फ वेगाने समुद्रात येऊ लागतो आणि तो पातळी वाढवितो. जुलै २०२१ चा पूर महाडने भोगला आहे आणि तळियेचे दुःखही पाहिले आहे. त्या आपत्तीचे कारण ध्रुवावर होते, असे आम्ही म्हणत नाही. पुराव्याशिवाय तसे म्हणणे म्हणजे जुनीच चूक पुन्हा करणे होईल. परंतु सावित्रीचे पाणी अखेर बाणकोटच्या खाडीतूनच समुद्राला मिळते. समुद्र चढला तर भरती वर सरकते आणि पुराला उतरायला अधिक वेळ लागतो, हे नदीकाठच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दक्षिण ध्रुवाचा खंड कोणाच्या मालकीचा मानून तेथे कोणी भर घालू नये, तेथे लष्करी हालचाली होऊ नयेत आणि संशोधन सर्वांना खुले असावे, असा करार १९५९ साली झाला. १९८३ मध्ये भारत त्यात सामील झाला. क्रिल आणि इतर जीवांच्या रक्षणासाठी १९८० साली वेगळा करार झाला. रॉस समुद्राचा मोठा भाग संरक्षित करण्याचा निर्णय २०१६ साली अनेक देशांनी एकमताने घेतला. पाण्यावर एकाचा हक्क नसतो, ही गोष्ट महाडला वेगळी शिकवावी लागत नाही. जगालाही ती कोठे कोठे पटली आहे, याचे समाधान वाटते.

समारोप

ज्या विद्यार्थिनीने तो प्रश्न विचारला, ती आज संसारात असेल. तिची मुले कदाचित आठवीत असतील. ही स्मरणिका तिच्या हाती पडली, तर तिने एवढे वाचावे : तुझा प्रश्न बरोबर होता आणि आमचे उत्तर चूक होते. “आम्हांला ठाऊक नाही” असे म्हणायचे सोडून आम्ही “तेथे काही नाही” असे म्हटले. या दोन वाक्यांत फार मोठे अंतर आहे. फोर्ब्ज यांच्या काळापासून शिकलेली माणसे हीच चूक करीत आली आहेत. वरून पांढरे आणि निर्जीव दिसणाऱ्या गोष्टीखाली काय आहे, ते भोक पाडून पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. हे समुद्राला लागू आहे, इतिहासाला लागू आहे आणि वर्गात मागच्या बाकावर गप्प बसलेल्या मुलालाही लागू आहे.

माजी विद्यार्थ्यांना आमची एकच विनंती आहे. शाळेला भेट देताना हारतुरे आणू नयेत. विज्ञानाचे, समुद्राचे, आकाशाचे एखादे चांगले मराठी पुस्तक आणावे. कपाटात आता जागा केली आहे.

विद्यार्थ्यांसाठी अभ्यास

१. एका वाटीत साधे पाणी आणि दुसऱ्या वाटीत मिठाचे पाणी शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवा. कोणते आधी गोठते? मिठाच्या पाण्याचा बर्फ हाताने दाबून पाहा. तो ठिसूळ का असतो?

२. एका पेल्यात पाण्यावर बर्फाचा खडा तरंगत ठेवा. दुसऱ्या पेल्यात पाण्याबाहेर गाळणीवर ठेवा. दोन्हीकडे पाण्याची पातळी आधी खूण करून ठेवा. बर्फ वितळल्यावर पातळी कोठे वाढली? का?

३. शैवाल, क्रिल, पेंग्विन, सील आणि देवमासा यांची अन्नसाखळी काढा. त्यातून बर्फ काढून टाकला तर पहिला परिणाम कोणावर होईल?

४. आपल्या घरातील किंवा वाडीतील वडीलधाऱ्यांना विचारा : नदी, मासे, पाऊस यांविषयी त्यांनी पाहिलेली पण पुस्तकात नसलेली एक गोष्ट कोणती? ती जशी सांगितली तशी लिहून आणा. खरी की खोटी, हे आधी ठरवू नका. ते आपण मिळून तपासू.